ग्रेड ५ टायटॅनियमचा वेल्ड बेंडला फुटतो, अ‍ॅनील करून सुटेल का?

तुमचा प्रश्न आधी एकदा माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज चुकला असेल तर लगेच कळेल. ३ मिमीची ग्रेड ५ टायटॅनियमची प्लेट, म्हणजे आपली नेहमीची ६-४ (६ टक्के अ‍ॅल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम), टिगनं (आर्गॉनखाली टंगस्टन आर्कनं) बट जोड, दोन पास. वेल्ड वरून चांदीसारखा चकाचक. टेन्साइलला तुकडा बेस मेटलमध्ये तुटला, तिथपर्यंत सगळे खूश. बेंडला मात्र चारपैकी तीन कूपनं (चाचणीच्या पट्ट्या) वेल्डच्या मधोमध फुटली, मँड्रेल (ज्यावर पट्टी वाकवतात तो गोल दांडा) जाडीच्या चौपट व्यासाचा. मायक्रोस्कोपखाली सुयाच सुया दिसल्या, सीनियर म्हणाले मार्टेन्साइट (झटपट थंड होताना बनणारी सुयांसारखी रचना) झालंय, अ‍ॅनील करा. आणि तुम्ही विचारताय की भट्टीत किती तापमानाला किती वेळ ठेवलं तर सुयाही जातील आणि ते मोठाले ग्रेनही (धातूचे स्फटिक) बेस मेटलसारखे बारीक होतील.

यातल्या सुया भट्टीत सुटतात. ग्रेन सुटत नाहीत, कितीही वेळ ठेवा. आणि तिसरी एक शक्यता आहे जिचं तुम्ही नावच घेतलं नाही, ती म्हणजे ऑक्सिजन, तो तर भट्टीतून बाहेर येतच नाही, उलट भट्टी खराब असेल तर वाढतो. त्यामुळे खरा प्रश्न कुठलं तापमान हा नाहीच, तुमचं कूपन या तिघांपैकी कशामुळे फुटलं हा आहे.

पण त्याच्याही आधी तो मँड्रेल. चौपट व्यास हा स्टीलच्या सवयीचा आकडा आहे. बेंडमध्ये बाहेरच्या कातडीला किती ताण बसतो ते काढायला सोपं आहे, जाडी भागिले (व्यास अधिक जाडी). चौपट व्यासाला एक पंचमांश, म्हणजे २० टक्के. ग्रेड ५ च्या प्लेटचं किमान इलाँगेशनच (तुटेपर्यंत होणारी लांबीतली वाढ) १० टक्के असतं, चांगली प्लेट असली तर १२-१५ मिळतं. म्हणजे तुम्ही वेल्डकडून असं काहीतरी मागताय जे मूळ प्लेटलाही जमेल की नाही शंका आहे. या मटेरियलच्या शीटला जाडीच्या ९-१० पट व्यासाचा मँड्रेल वापरतात, तिथे हाच आकडा ९ टक्क्यांच्या आसपास येतो. तर उद्या सकाळी पहिलं काम, वेल्ड नसलेली पट्टी कापून त्याच चौपट मँड्रेलवर वाकवा. ती फुटली तर अर्धी चर्चा तिथेच संपली, तुमचा वेल्ड निर्दोष आहे असं त्यानं सिद्ध होत नाही पण टेस्ट चुकीची होती हे नक्की होतं. कुठल्या स्टँडर्डखाली काम चाललंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, मँड्रेलचा आकडा शेवटी तिथूनच घ्यायचा.

आणि टेन्साइल बेसमध्ये तुटला याचा आनंद जरा बेतानं करा. वेल्ड बेसपेक्षा कडक असेल तर ताणताना सगळं ताणणं मऊ भागात होतं, वेल्ड नुसता बसून असतो. त्या टेस्टनं वेल्डची ताकद कळते, तो किती लवचीक आहे ते अजिबात कळत नाही. खरं तर ऑक्सिजननं खराब झालेला वेल्डही आडव्या टेन्साइलमध्ये मस्त पास होतो, कारण ऑक्सिजन ताकद वाढवतोच. म्हणून तर बेंड टेस्ट असते.

आता आत काय होतं ते. वेल्डपासून लांब उभं राहून एकेक पाऊल जवळ येतोय असं समजा. सुरुवातीला प्लेट आहे तशीच, बारीक अल्फा, मधेमधे बीटाचे ठिपके (अल्फा आणि बीटा या टायटॅनियमच्या दोन स्फटिकरचना, म्हणजे फेज), ग्रेन दहा-पंधरा मायक्रॉनचे. जरा जवळ आलात की तापमान वर गेलेलं पण ९९५ डिग्रीच्या खाली राहिलेलं, हा आकडा ६-४ चा बीटा ट्रान्सस, म्हणजे ज्याच्या वर सगळं बीटा होतं ते तापमान, प्लेटच्या केमिस्ट्रीप्रमाणे दहा-पंधरा डिग्री इकडेतिकडे. इथे थोडा अल्फा बीटात जातो, थंड होताना त्या बीटाचं परत बारीक अल्फा होतं, पण जो जुना अल्फा टिकला तो ग्रेनला धरून ठेवतो, म्हणून इथे ग्रेन फार वाढत नाहीत. आणखी जवळ, जिथे ९९५ ओलांडलं, तिथे सगळं बीटा. एकच फेज. ग्रेनच्या सीमा अडवायला दुसरं कोणी उरलंच नाही, आणि बीटामध्ये अणूंची ये-जा अल्फापेक्षा कितीतरी पटींनी जलद, त्यामुळे काही सेकंदांत ग्रेन शेकडो मायक्रॉनचे होतात. टायटॅनियमच्या वेल्डची सगळी कथा या एका पट्ट्यात ठरते, कारण त्याला लागूनच वितळलेला पूल आहे, आणि पूल गोठायला लागतो तेव्हा नवीन ग्रेन जन्माला घालत नाही, काठावरच्या ग्रेनवरच पुढे वाढत जातो. काठावर एवढे मोठे ग्रेन असतील तर आत त्याहून मोठेच येणार, लांबट, खांबासारखे, पुलाच्या मध्याकडे झुकलेले. तुमची बेस प्लेट कितीही बारीक ग्रेनची असो, ती बारकाई या पट्ट्यात आधीच गेलेली असते. प्लेट बदलून फायदा होईल का असंही तुम्ही शेवटी विचारलंय, त्याचं उत्तर यातच आलं.

एचिंग (अ‍ॅसिडनं पृष्ठभाग किंचित कोरणं) नीट झालं की हे डोळ्यांनीही दिसतं. मी क्रोल वापरतो, १०० मिली पाण्यात साधारण २ मिली हायड्रोफ्लोरिक आणि ५-६ मिली नायट्रिक, दहा-पंधरा सेकंद, धुऊन सुकवायचं आणि तुकडा टेबल लॅम्पखाली हातात धरून हळूहळू फिरवायचा. एकेक ग्रेन एकेका कोनाला चमकतो आणि विझतो. टिगच्या ३ मिमी वेल्डमध्ये जाडीत दोन-तीनच ग्रेन बसलेले दिसतात, कधीकधी एकच ग्रेन जवळजवळ वरपासून खालपर्यंत. हे एकदा पाहिलं की वेल्ड म्हणजे एकसंध काहीतरी आहे हा समज जातो. हायड्रोफ्लोरिक मात्र खेळायची गोष्ट नाही, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसेल तर ती बाटली उघडूच नका.

आता मुख्य मुद्दा, हे ग्रेन हीट ट्रीटमेंटनं बारीक का होत नाहीत. स्टीलवाल्यांना हे पटायला वेळ लागतो, मलाही लागला होता. स्टील परत तापवलं की नवा ऑस्टेनाइट शेकडो ठिकाणी नव्यानं उगवतो, म्हणून नॉर्मलाइझ करून ग्रेन बारीक करता येतात. टायटॅनियममध्ये तसं होत नाही. एका बीटा ग्रेनमधून थंड होताना अल्फाच्या पट्ट्या निघतात त्या वाटेल तशा नसतात, बीटाच्या रचनेशी ठरावीक नातं ठेवून निघतात, जास्तीत जास्त बारा दिशांत. बर्गर्सनी १९३४ साली झिर्कोनियममध्ये हे नातं दाखवलं, टायटॅनियमला ते जसंच्या तसं लागू पडतं. आणि या पट्ट्यांच्या मधे बीटाचा पातळ पापुद्रा शिल्लक राहतो, जुन्याच बीटाचा, जुन्याच दिशेचा. परत ९९५ च्या वर नेलंत तर नवीन बीटा उगवत नाही, हेच पापुद्रे फुगतात, एकमेकांना भेटतात आणि जुनाच ग्रेन परत उभा राहतो. वर थांबलात तर तो आणखी वाढतो. म्हणजे ग्रेन बारीक करायला म्हणून बीटा अ‍ॅनील करणं हा सगळ्यात महाग पडणारा उलटा उपाय आहे, कृपया कोणी सुचवला तर ऐकू नका.

मग बेस प्लेट बारीक कशी असते? तिला रोल केलेली असते. आधी काम, म्हणजे दाबून आकार बदलणं, मग रीक्रिस्टलायझेशन, म्हणजे तापवल्यावर नवे बारीक ग्रेन उगवणं. वायर-आर्कनं थरावर थर चढवणारे काही लोक म्हणूनच प्रत्येक थरावर रोलर फिरवतात. तुम्ही तयार जोडावर ते करू शकत नाही, तेव्हा ग्रेनचा जो काही बंदोबस्त करायचा तो वेल्ड करतानाच. हीट इनपुट कमी, ३ मिमीला जमत असेल तर दोनऐवजी एक पास, पल्स्ड करंट, आणि दोन पास लागणारच असतील तर मधे पूर्ण थंड होऊ द्या, हात लावता येईल इतकं. टायटॅनियम उष्णता फार हळू वाहून नेतं, ६-४ तर शुद्ध टायटॅनियमच्याही तिसऱ्या हिश्शानं, त्यामुळे स्टीलच्या अंदाजानं 'झालं असेल थंड' म्हणाल तर झालेलं नसतं. स्पीड वाढवण्यालाही मर्यादा आहे, फार पळवलंत तर पूल मागे टोकदार होतो आणि दोन्हीकडचे खांब मधल्या रेषेवर समोरासमोर येऊन थांबतात, बेंडला मग नेमकी तीच रेष उघडते. तुमची कूपनं मधोमध फुटलीत म्हणून हे मुद्दाम लिहितोय, वरून रिपल्सचा (वेल्डवरच्या लाटांचा) आकार बघा, गोलसर आहेत की बाणासारखे.

सुयांकडे येऊ. ६-४ पूर्ण मार्टेन्साइट व्हायला बीटातून सेकंदाला ४१० डिग्रीपेक्षा जास्त वेगानं थंड व्हावं लागतं, साधारण २० च्या खाली साध्या अल्फाच्या पट्ट्या आणि ग्रेनच्या सीमेवरचा अल्फा, आणि मधल्या टापूत मिश्र प्रकार. इलेक्ट्रॉन बीम आणि लेझरला ४१० सहज ओलांडलं जातं. ३ मिमी प्लेटवर टिगनं बहुतेक वेळा नाही. म्हणजे तुम्हाला जे दिसलं त्यात थोडं अल्फा प्राइम, म्हणजे हे मार्टेन्साइट, असेलही, पण बाकीचं बारीक अल्फा असण्याची शक्यता दाट आहे, आणि साध्या मायक्रोस्कोपवर हे दोन्ही सुयाच दिसतात. एक्सरेवरही लवकर वेगळं काढता येत नाही, दोन्हींची रचना हेक्सागोनल आणि मापं जवळजवळ सारखी. निम्म्या रिपोर्टांत 'मार्टेन्साइट' लिहिलेलं असतं ते फक्त टोकदार दिसलं म्हणून.

शिवाय टायटॅनियमचं मार्टेन्साइट म्हणजे स्टीलचं मार्टेन्साइट नव्हे हो. तिथे कार्बन अडकून जाळी ताणलेली असते म्हणून काचेसारखं होतं. इथे अडकलेलं आहे व्हॅनेडियम, तो जागेवर बसणारा अणू, त्यानं कडकपणा थोडाच वाढतो. बेस ३३० एचव्हीच्या (विकर्स कडकपणा) आसपास असेल तर स्वच्छ वेल्ड ३६०-३८० दाखवतो, बास. लवचिकता थोडी कमी होते हे खरं, पण नुसत्या या सुयांनी कूपन टाळी वाजवल्यासारखं फुटत नाही.

तसं फुटत असेल तर मला पहिला संशय ऑक्सिजनचा. सुरुवातीच्या काळात मी हीच चूक केलीय म्हणून सांगतो. आमच्याकडे ६-४ ची कूपनं बेंडला फुटत होती, वेल्ड चांदीसारखा, फोटोत सुया, म्हणून व्हॅक्यूम भट्टीत ७३० डिग्रीला दोन तास. कडकपणा जेमतेम दहा-पंधरानं उतरला, कूपनं परत फुटली. परत भट्टी, जास्त वेळ. परत फुटली. शेवटी एका वेल्डरनं सहज सांगितलं की सकाळची पहिली दोन-तीन कूपनंच फुटतात, दुपारची पास होतात. मग शोध लागला, टॉर्चची गॅस नळी रबराची होती, रात्रभर दमट हवा पिऊन बसायची आणि सकाळी तीच ओल आर्गॉनबरोबर थेट पुलात. सिलिंडर एकदम शुद्ध, सर्टिफिकेट फाइलमध्ये, नळी मात्र रबराची. नळी बदलली, सुरू करायच्या आधी दहा मिनिटं पर्ज (नुसता आर्गॉन सोडून नळी साफ करणं), प्रश्न संपला, आणि भट्टीचे ते सगळे तास वाया गेले ते गेलेच.

वेल्ड चांदीसारखा असूनही हे कसं होतं? रंग म्हणजे वरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्याची जाडी. तो फक्त एवढंच सांगतो की वेल्ड गोठल्यावर थंड होताना वरच्या बाजूला ट्रेलिंग शील्डनं (टॉर्चमागून गरम वेल्डवर आर्गॉन सोडणारं आवरण) काम केलं, म्हणजे ४२५ डिग्रीच्या खाली येईपर्यंत गॅस होता. टॉर्चच्याच गॅसमधून पुलात काय विरघळलं ते रंगात येत नाही, कारण टायटॅनियम ऑक्सिजन पोटात घेतं, अल्फामध्ये अणूंच्या हिशोबानं जवळजवळ ३३ टक्के मावतो. बाकीच्या धातूंसारखं ते मळ वर फेकून मोकळं होत नाही. दुसरा प्रकार म्हणजे पहिला पास निळा आला, वेल्डरनं ब्रशनं घासून चकाचक केला आणि वरून दुसरा मारला. वरचा चांदीसारखा, निळा आत विरघळलेला. तुमचे पास दोन आहेत, म्हणून विचारतो, पहिल्याचा रंग कोणी बघितला होता का?

आणि मागच्या बाजूबद्दल तुम्ही एक शब्द लिहिला नाहीत. बॅक पर्ज (मागच्या बाजूला सोडलेला आर्गॉन) होता का, रूटचा (वेल्डच्या मागच्या बाजूचा) रंग कसा होता, फुटलेली तीन कूपनं फेस बेंड (पुढची बाजू ताणात) होती की रूट बेंड (मागची बाजू ताणात)? तिन्ही किंवा बहुतेक रूटची असतील तर मायक्रोस्कोप बाजूला ठेवून आधी पर्जची खोबण तपासा.

हे ताडायला मी हार्डनेस ट्रॅव्हर्सवर (ओळीनं ठिकठिकाणी कडकपणा मोजणं) भरवसा ठेवतो, पण दोन ओळींत. एक आडवी, बेसपासून बेसपर्यंत जाडीच्या मधोमध. दुसरी उभी, वेल्डच्या आत वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत. आडवी ओळ बेसपेक्षा ३०-५० नं वर आणि सपाट असेल तर ते थंड होण्याच्या वेगानं समजावता येतं. ८०-१०० नं वर असेल तर माझ्या अनुभवात ते फक्त सुयांचं काम नसतं. उभ्या ओळीत एखाद्या कडेला आकडा एकदम उडी मारत असेल तर त्या बाजूचं शिल्डिंग गेलं होतं, तिथे अल्फा केसचा (ऑक्सिजन शिरून कडक झालेला) पातळ कवचासारखा थर असेल आणि क्रॅक तिथूनच सुरू झाला असेल. शंका राहिलीच तर वेल्डमधून तुकडा काढून ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन करून घ्या. ग्रेड ५ ला ऑक्सिजनची मर्यादा ०.२० टक्के, नायट्रोजन ०.०५, हायड्रोजन ०.०१५. नुसता आकडा मर्यादेत आहे का हे बघू नका, त्याच प्लेटचा बेस आणि फिलर वायरशी तुलना करा. बेस ०.१५ आणि वेल्ड ०.१९ असेल तर कागदावर पास आहे, पण मधले ०.०४ कुठून आले हे कोणीतरी सांगायला हवं. फिलर कुठला वापरलात तेही लिहा, शक्य असेल तर कमी ऑक्सिजनचा ईएलआय, म्हणजे ग्रेड २३, वापरा, त्याची ऑक्सिजनची मर्यादा ०.१३ आहे, त्यामुळे थोडी चूक पोटात घ्यायला जागा राहते.

हे सगळं स्वच्छ निघालं, मँड्रेलही बरोबर घेतला, आणि तरी बेंड काठावर जातोय, तर मग भट्टी, आणि तेव्हा सीनियरांचं म्हणणं बरोबर ठरतं. नुसता स्ट्रेस रिलीफ हवा असेल तर ४८० ते ६५० डिग्रीच्या टापूत, ६०० च्या आसपास दोन तास हे माझं नेहमीचं. यात अल्फा प्राइम मोडायला लागतं, व्हॅनेडियम बाहेर सरकून सुयांच्या मधे बीटाचे बारीक थर तयार होतात, पण सुया फार बारीकच राहतात म्हणून लवचिकता फार वाढत नाही, खालच्या तापमानाला तर कधीकधी कडकपणा किंचित वाढलेलाही दिसतो. लवचिकता हवी असेल तर ७०५ ते ७९० मधला अ‍ॅनील, एक-दोन तास, त्यात पट्ट्या जाड होतात आणि फरक बेंडला जाणवतो. मोठे ग्रेन मात्र तसेच, त्यांची सीमारेषा धरून बसलेला अल्फाही तसाच, एचिंग केल्यावर फोटो लांबून आधीसारखाच दिसेल, तेव्हा 'अ‍ॅनील झालंच नाही' म्हणून घाबरू नका, १००० पटीवर बघा. व्हॅक्यूम किंवा खरा शुद्ध आर्गॉन, भट्टीत जाण्याआधी बोटांचे ठसेसुद्धा नकोत, आणि क्लोरीनवाली सॉल्व्हंटं अजिबात नकोत, या तापमानांना ती क्रॅक देतात. साध्या हवेच्या भट्टीत केलंत तर अल्फा केस येणार, तो अ‍ॅसिडनं काढावा लागणार, आणि तिथे नायट्रिक कमी पडलं की हायड्रोजन आत जाणार. एक दुरुस्त करताना दोन नवी दुखणी.

एक सूचना, हे सगळं ६-४ साठी आहे. ग्रेड २ सारखं शुद्ध टायटॅनियम असतं तर सुयांचा विषयच सोडून दिला असता, तिथे खेळ ऑक्सिजनचाच. आणि मेटास्टेबल बीटा अलॉय (थंड झाल्यावरही बीटाच राहणारं) असतं तर चित्र उलटं, वेल्ड बेसपेक्षा मऊ निघतो आणि एजिंग करून, म्हणजे मध्यम तापमानाला ठेवून, ताकद आणावी लागते. कोणीतरी त्या अलॉयचा अनुभव इथे चिकटवून सल्ला देईल, तेव्हा आधी अलॉय विचारा.

तर आधी बेसची पट्टी वाकवा, मग फेस-रूटची नोंद बघा, मग हार्डनेसच्या दोन ओळी, हे तिन्ही एका दिवसात होतं आणि भट्टीच्या एका फेरीपेक्षा कमी त्रासाचं आहे. आकडे इथेच टाका. फोटो टाकाल तेव्हा स्केल बार ठेवा आणि फुटलेल्या कूपनाच्या क्रॅकच्या तोंडाचाही एक टाका, मागच्या फोटोत सुया छान दिसतायत पण त्या पाच मायक्रॉनच्या आहेत की पन्नास, काहीच कळत नाही.